डावखुऱ्या मुलीने तबला कोणत्या बाजूला मांडावा?

प्रश्न : कपाशीचं रान (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. सकाळचा चहा उकळेपर्यंत आमच्या घरात दोन विषय हमखास निघतात. रात्री भजनात काय म्हटले गेले हा एक, आणि त्यानंतर मोबाइलवर कोणता विनोदी चित्रपट पाहिला हा दुसरा. गेल्या काही दिवसांपासून त्यात तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. त्यावर घरात एकमत होत नाही, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

माझी मुलगी चौथीत शिकते आणि ती डावखुरी आहे. लिहिणे, चेंडू फेकणे, केस विंचरणे, सर्व काही ती डाव्या हाताने करते. वर्गातली मुले तिला 'डेबरी' म्हणतात. तिला त्याचे फारसे वाटत नाही, मला मात्र वाटते. गावातल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला ती आजोबांबरोबर नेमाने जाते आणि तिथे तिला तबल्याची अशी ओढ लागली आहे की घरात पालथे घातलेले एकही पातेले तिच्या बोटांतून सुटत नाही. तिची ही आवड पाहून मंडळातल्या तबलजी काकांनी आपण होऊन तिला शिकवायचे कबूल केले. पहिल्याच दिवशी ती बसली आणि कोणी काही सांगण्याआधी तिने तबला डावीकडे व डग्गा उजवीकडे ओढून घेतला. काकांनी दोन्ही वाद्ये उचलून पुन्हा नेहमीच्या जागी, म्हणजे तबला उजवीकडे व डग्गा डावीकडे, ठेवली.

काका मनाने फार चांगले आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज खोडून काढण्यासारखे नाही. मंडळात तबल्याची एकच जोडी आहे, मुलगी उद्या दुसऱ्या गावच्या भजनात बसली तर तिच्यासाठी मांडामांड कोण करणार, आणि लहान वयात हात वळतो तेव्हा तो आताच वळवून घ्यावा, असे ते सांगतात. सासूबाईंची अडचण निराळी आहे. प्रसाद, हळदीकुंकू, आरती यांना उजवा हात लागतो, मग देवाच्या भजनात डावा हात पुढे कसा चालेल, असे त्यांना मनापासून वाटते.

त्यातच परवा आम्ही चार्ली चॅप्लिनचा एक चित्रपट पाहत होतो. त्यात तो व्हायोलिन वाजवू लागताच मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हा पण माझ्यासारखाच!" गज खरोखर त्याच्या डाव्या हातात होता. यजमानांचे म्हणणे असे की मोबाइलवर कोणीतरी चित्रफीत उलटी करून टाकली असावी. यातले खरे काय आणि तबल्याचे काय करावे, हे दोन्ही कळल्यास फार बरे होईल.

प्रतिसाद : झाडीतला ठेका (वडसा, जि. गडचिरोली)

ताई, मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत साथीला बसतो, म्हणून आधी तबल्याबद्दल लिहितो. आपल्या मुलीने पहिल्या दिवशी जे केले ते बरोबर केले. तिला तसेच बसू द्यावे.

याचे कारण वाद्यातच आहे. तबल्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल, मधोमध असते. चाट (कातड्याची कड), लव (कड व शाई यांच्यामधला भाग) आणि गजरा (कडेची गुंफलेली वेणी) सगळीकडून सारखाच असतो, त्यामुळे तबल्याला उजवी किंवा डावी बाजू नसतेच. डग्ग्याची शाई मात्र एका अंगाला असते, कारण मनगट टेकवायला दुसऱ्या अंगाला मोकळी जागा लागते. तो डग्गा चुंबळीवर (खालच्या गोल बैठकीवर) थोडासा फिरवून घेतला की दुसऱ्या हाताच्या मनगटाला तशीच जागा मिळते. एक पैसा खर्च होत नाही, वादी (ताणाची चामडी पट्टी) सैल करावी लागत नाही, गठ्ठा (वादीखालचा लाकडी ठोकळा) ठोकावा लागत नाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात मांडणी बदलता येते आणि पुन्हा पूर्ववत करता येते. त्यामुळे एकच जोडी आहे ही अडचण काकांना वाटते तेवढी मोठी नाही.

आता हातांच्या कामाकडे पाहा. 'तिरकिट' हा बोल घ्या. त्याच्या चार अक्षरांपैकी 'ति', 'र' आणि 'ट' तबल्यावर वाजतात आणि फक्त 'कि' डग्ग्यावर वाजते. म्हणजे लय दुप्पट झाली की बोटांच्या धावपळीचा मोठा वाटा तबल्यावरच्या हाताकडे जातो. डग्ग्यावरच्या हाताचे काम कमी महत्त्वाचे नाही, परंतु ते निराळे आहे. मनगटाचा दाब कमीजास्त करून घुमारा काढणे, तो खेचणे आणि योग्य जागी सोडणे हे काम धीराचे आहे. ज्या हाताने मुलगी अक्षर काढते त्या हाताची बोटे आधीच तयार असतात. ती तयारी बाजूला ठेवून दुसऱ्या हाताला पहिलीत बसवायचे असेल तर त्यासाठी सबळ कारण हवे, आणि मला ते येथे दिसत नाही.

शिकवण्याच्या सोयीचीही एक गोष्ट सांगतो. काका तिच्यासमोर बसून शिकवत असतील तर त्यांचा तबल्यावरचा उजवा हात तिला आपल्या डाव्या बाजूला दिसतो. तबला डावीकडे घेतलेल्या मुलीला आरशात पाहावे तसे समोरच्याचे हुबेहूब उचलता येते. उजव्या हाताने वाजवणाऱ्या शिष्याला मात्र ते मनात उलटून घ्यावे लागते. केरवा हा आठ मात्रांचा ताल सुरू करताना 'धा गे ना ति न क धि न' असे तोंडाने म्हणत समोरासमोर बसून वाजवून पाहावे, काकांना फरक लगेच जाणवेल.

एकच काळजी घ्यावी. भजनात माणसे दाटीने बसतात आणि तिचे कोपर शेजारच्या टाळकऱ्याला लागू शकते, म्हणून तिला ओळीच्या टोकाला बसवावे.

प्रतिसाद : वर्धेकाठ (राजुरा, जि. चंद्रपूर)

झाडीतल्या भाऊंचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण मी काकांच्या बाजूने लिहिणार आहे, कारण त्यांच्या म्हणण्यात गावगाड्याचा अनुभव आहे.

खेड्यातले भजन हे शहरातल्या संगीतवर्गासारखे नसते. पहाटे सामुदायिक ध्यान असते, संध्याकाळी प्रार्थना असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला गेले की कोणत्या मंडळाच्या साथीला कधी बसावे लागेल हे आधी माहीत नसते. समोर आलेल्या वाद्यावर समोर आलेल्या मांडणीत वाजवता येणे हा तिथे कलेचाच भाग आहे. ज्याला आपली मांडणी लागते तो संकोचाने मागे बसतो आणि मुलगी असेल तर अधिकच मागे बसते, ही मला खरी भीती वाटते.

शिवाय हात वळल्याने वादन बिघडतेच असे नाही. 'बीटल्स' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ढोलवादक रिंगो स्टार जन्माने डावखुरा आहे, पण तो उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या ड्रमवरच वाजवत आला. एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचे हात इतरांपेक्षा वेगळ्या क्रमाने पडत आणि जाणकारांच्या मते त्यातूनच त्याची खास शैली घडली. अडचणीतून काही नवे निघू शकते, एवढेच मला म्हणायचे आहे.

पेटीबद्दलही सांगून ठेवतो, कारण तबल्यामागोमाग मुले पेटीकडे वळतात. पेटीच्या पट्ट्या खालच्या स्वराकडून वरच्या स्वराकडे डावीकडून उजवीकडेच जातात आणि त्या उलटता येत नाहीत. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात भात्यावर हीच रूढ पद्धत तिने शिकावी. भाता एकसारखा, धक्का न देता चालवणे हे कौशल्याचे काम आहे आणि ते तिच्या पक्क्या हाताकडे जाईल. तिथे तिचे काहीही नुकसान नाही.

प्रतिसाद : खडू आणि पाटी (मेहकर तालुका, जि. बुलडाणा)

मी प्राथमिक शिक्षक आहे. वर्गात दरवर्षी दोन-तीन डावखुरी मुले असतातच, आणि ते स्वाभाविक आहे, कारण जगभरात साधारण दहा माणसांमागे एक डावखुरे असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २४ लाख लोकांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात हे प्रमाण १०.६ टक्के निघाले.

"लहान वयात हात वळतो" या समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. हाताची पसंती ही लागलेली सवय नसते. सोनोग्राफीत गर्भातले मूल अंगठा चोखताना दिसते. कोणता अंगठा चोखला जातो याच्या नोंदी ठेवून तीच मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली गेली, तेव्हा उजवा अंगठा चोखणारी सर्व मुले उजव्या हाताची निघाली आणि डावा चोखणाऱ्यांपैकी बहुतेक डावखुरी निघाली. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, पण तो साधारण चौथ्या हिश्शाएवढाच असल्यामुळे आईवडील दोघेही उजव्या हाताचे असून मूल डावखुरे असणे अगदी नेहमीचे आहे. जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावलेले मूल त्या हाताने लिहायला शिकते हे खरे आहे. पण म्हणून ते उजव्या हाताचे होत नाही. एका कामापुरता हात बदलतो, त्याचे श्रम मुलाला पडतात आणि बाकीच्या कामांत पसंती जिथल्या तिथे राहते.

वर्गात आम्ही जे करतो ते घरीही करता येईल. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहितात, त्यामुळे डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळहात ओल्या शाईवरून फिरतो आणि पाटीवरचे अक्षर तर पार पुसले जाते. वहीचा वरचा भाग थोडा उजवीकडे कलवून ठेवला आणि पेन्सिल टोकापासून जराशी वर धरायला शिकवले की मनगट वाकडे करावे लागत नाही आणि लिहिलेले डोळ्यांसमोर राहते. बाकावर तिला डाव्या टोकाला बसवायला गुरुजींना सांगा, म्हणजे शेजारच्या मुलाच्या कोपराशी टक्कर होणार नाही. चिडवण्याबाबतही गुरुजींशी बोला. आमच्या शाळेत मी मुलांना दोन क्रिकेटपटूंची उदाहरणे देतो. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करतो आणि लिहितो डाव्या हाताने. सौरव गांगुली नेमका याच्या उलट आहे. हे ऐकल्यावर मुले एकमेकांचे हात तपासू लागतात आणि चिडवणे मागे पडते.

आपल्या सासूबाईंच्या मनातील अडचणीला मान द्यावा असे मला वाटते. प्रसाद उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा, ही रीत मुलगी आनंदाने पाळेल. त्यात हाताच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही. वादनात मात्र दोन्ही हात देवापुढेच असतात. तबला नेहमीच्या मांडणीत वाजवला तरी डग्ग्यावर डावाच हात असतो, आणि त्या हाताशिवाय 'धा' निघत नाही, हे त्यांना शांतपणे दाखवावे. घरोघरी आपण डाव्या सोंडेच्या गणपतीची स्थापना करतो, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

प्रतिसाद : मूकपट (अकोट, जि. अकोला)

चॅप्लिनचे उत्तर मी देतो, कारण विनोदी चित्रपट हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि आपल्या मुलीची नजर मला फार आवडली. चित्रफीत उलटी केलेली नाही. चॅप्लिन डावखुरा होता आणि व्हायोलिन डाव्या हातात गज धरूनच वाजवत असे.

त्याने हे वाद्य तरुणपणी, नाटकमंडळीबरोबर गावोगाव फिरताना शिकायला घेतले आणि तो रोज तासन्‌तास सराव करीत असे. व्हायोलिन हे तबल्यासारखे दोन्ही बाजूंनी सारखे नसते. तारांचा क्रम तर उलटा करावा लागतोच, पण खोक्याच्या आत जाड तारांच्या बाजूला एक पट्टी चिकटवलेली असते आणि दुसऱ्या बाजूला आधाराची एक बारीक काठी उभी असते, त्यांच्याही जागा बदलाव्या लागतात. चॅप्लिनने आपले व्हायोलिन असे आतून-बाहेरून उलटे करून घेतले होते. आपण पाहिलेला चित्रपट बहुधा १९५२ सालचा 'लाइमलाइट' असावा. त्यात चॅप्लिन व्हायोलिनवर आणि दुसरा थोर विनोदी नट बस्टर कीटन पियानोवर बसतो, आणि दोघांची वाद्ये ऐनवेळी दगा देतात. तो प्रसंग मुलीला पुन्हा दाखवा आणि या वेळी डाव्या हाताचे मनगट पाहायला सांगा. विनोदासाठी तो वाद्याशी हवा तेवढा गोंधळ घालतो, पण गज धरण्याची त्याची पद्धत शिकलेल्या माणसाची आहे.

या चित्रपटाला संगीतही त्याचेच आहे. त्याला स्वरलेखन येत नव्हते, म्हणून तो चाल गुणगुणत असे किंवा वाजवून दाखवत असे आणि सोबतचे संगीतकार ती लिहून घेत. ऑस्करच्या पात्रतेसाठी लॉस एंजेलिसमधले प्रदर्शन धरले जाई आणि तिथे हा चित्रपट १९७२ पर्यंत प्रदर्शितच झाला नव्हता, त्यामुळे त्याच्या संगीताला ऑस्कर पुरस्कार मिळाला तो थेट १९७३ साली. विनोदी नट आणि संगीतकार एकाच माणसात असणे हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. विनोदाची जागा अर्ध्या मात्रेने चुकली तरी हशा येत नाही. झाडीपट्टीत विनोदी नटाच्या प्रवेशाला साथ करणारे आमचे भाऊ याची साक्ष देतीलच.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पंडित हरिप्रसाद चौरसियांचे घ्यावे. ते आधी उजव्या बाजूला बासरी धरून वाजवत असत. अन्नपूर्णा देवींकडे नव्याने शिकायला लागल्यानंतर त्यांनी बाजू बदलली आणि पुढे आयुष्यभर बासरी डाव्या बाजूलाच धरली. बांबूच्या बासरीची छिद्रे एका ओळीत असतात, त्यामुळे ती कोणत्याही बाजूला धरता येते.

राजुऱ्याच्या दादांनी रिंगो स्टारचे उदाहरण दिले ते खरे आहे, परंतु त्याच वाद्यवृंदातला पॉल मॅकार्टनी डावखुरा आहे आणि त्याची गोष्ट नेमकी उलट आहे. सुरुवातीला उजव्या हाताच्या गिटारवर त्याला काही केल्या जमत नव्हते. मग स्लिम व्हिटमन या गायकाचे डाव्या हाताने गिटार धरलेले चित्र त्याच्या पाहण्यात आले, त्याने तारा उलट्या क्रमाने लावून घेतल्या आणि तो वाजवू लागला. आपली मुलगी चॅप्लिनला पाहून उठून उभी राहिली, त्याला मी यामुळेच महत्त्व देतो. आपल्यासारखे कोणी वाजवते आहे हे मुलाला एकदा दिसावे लागते.

प्रतिसाद : झाडीतला ठेका

अकोटच्या दादांचे म्हणणे खरे आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, आणि मध्यरात्री पेंगुळलेल्या प्रेक्षकाला जागे करण्याची जबाबदारी विनोदी नट व तबला-ढोलकीवाला यांच्यावर असते. नटाने वाक्य टाकले, मान वळवली आणि त्याच क्षणी थाप पडली तर मंडप हसतो. थाप उशिरा पडली तर ते वाक्य वाया गेले म्हणून समजावे. अशा वेळी विचार करून हात उचलायला सवड नसते, जो हात स्वभावाने आधी उठतो तोच उपयोगी पडतो.

राजुऱ्याच्या दादांची भीती मात्र मी बाजूला सारत नाही. मुलीने संकोचाने मागे बसू नये, यासाठी तिला पहिल्यापासून स्वतः मांडणी करायला शिकवावे. चुंबळ उचलणे, डग्गा फिरवून ठेवणे, तबला दुसऱ्या बाजूला घेऊन स्वर तपासणे आणि वाजवून झाल्यावर सर्व पूर्ववत ठेवणे, एवढे तिने न सांगता केले की कोणत्याही गावात कोणी तक्रार करणार नाही. आणि हात बसल्यावर, पुढे कधीतरी, साधा केरवा आणि भजनी ठेका नेहमीच्या मांडणीतही वाजवता येईल एवढी सवय करून घ्यावी. अडीअडचणीला ती पुरेल.

प्रतिसाद : वर्धेकाठ

मुलगी मांडणी स्वतः करणार असेल आणि साधा ठेका दोन्ही बाजूंनी वाजवणार असेल, तर माझा विरोध उरत नाही. काकांनाही हे याच शब्दांत सांगावे. "तुमची पद्धत चुकीची आहे" असे न म्हणता "साधा ठेका तुमच्या पद्धतीनेही शिकवा" असे म्हटले की ज्येष्ठ माणसाचा मान राहतो आणि शिकवणे थांबत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की पहिले काही महिने तिला दोन्ही बाजूंमध्ये हेलकावे देऊ नका.

कपाशीचं रान

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी काका कपाशीच्या फवारणीचे विचारायला आले होते, तेव्हा चहा घेताना त्यांना हे सर्व वाचून दाखवले. समोरासमोर बसण्याचा मुद्दा ऐकून ते काही वेळ आपल्याच मांडीवर बोटे वाजवून पाहत राहिले आणि मग म्हणाले की असे असेल तर मलाच सोपे जाईल. तिरकिटचा हिशेब त्यांना आधीपासून ठाऊक होताच, त्यावर त्यांनी लगेच मान हलवली. सासूबाईंनी ओंजळीचे मान्य केले आहे. डग्ग्यावरचा डावा हात त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलेला होता, पण तसा विचार केला नव्हता, असे त्या म्हणाल्या.

आता एकच विचारायचे राहिले. मंडळाचा तबला रात्री कुलुपात असतो आणि मुलीला घरी सराव करायचा आहे. नवी जोडी आम्हाला कापूस विकला गेल्यावरच घेता येईल. तोपर्यंत काय करावे?

प्रतिसाद : मूकपट

तोपर्यंत खंजिरी घ्या, ताई. ती तबल्यापेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हेच वाद्य हाती घेऊन गावोगावी भजने म्हटली, त्यामुळे मंडळातही तिला मानाचे स्थान आहे. एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने वाजवायची, त्यामुळे उजव्या-डाव्याचा वाद तिथे निघतच नाही. मुलगी ती उजव्या हातात धरेल आणि डाव्या हाताची बोटे तयार होत राहतील. आमच्या अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज तर एकाच वेळी सात खंजिऱ्या समोर मांडून दोन्ही हातांनी वाजवतात आणि वाजवता वाजवता अंधश्रद्धेवर असे बोलतात की माणसे पोट धरून हसतात. त्यांच्या कीर्तनाच्या चित्रफिती सहज मिळतात. मुलीला संगीत आणि विनोद दोन्ही आवडत असल्यामुळे त्या तिला जरूर दाखवा.

प्रतिसाद : झाडीतला ठेका

खंजिरीबरोबर बोल तोंडाने म्हणण्याचा सराव रोज करावा, त्याला वाद्य लागत नाही. आणि जोडी घ्याल तेव्हा काकांना सोबत न्यावे. भजनात गाणाऱ्यांची पट्टी (स्वराची उंची) कोणती असते ते त्यांना माहीत असेल, आणि तबल्याच्या तोंडाचा आकार त्या पट्टीवरूनच ठरवावा लागतो. तोंड लहान असेल तर स्वर चढा लागतो, मोठे असेल तर खालचा लागतो. दुकानात 'डावखुऱ्यांचा तबला' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नयेत, असा वेगळा तबला नसतो.